पोपटरावांच्या उसातला खांब

लाईट यायला अजून दीड तास आहे. तोवर मोबाईल खिशात ठेवणार असाल तर एक सांगतो. ऐकीव नाही. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोराची गोष्ट आहे, आणि तिचा शेवट मी पारावर बसून या डोळ्यांनी पाहिला आहे. कुणाला हसू येत असेल तर त्यानं आत्ताच उठावं. मागून बॅटरी धरून घरी सोडायला मी येणार नाही.

सोळा जानेवारी, मंगळवार, साल चोवीस. रात्री अकराला दहा मिनिटं कमी होती. महेंद्र खुटबावहून मोटारसायकलीवर वडगाव रासाईला निघाला. काम साधं होतं. त्याची आई रंभाबाई वडगावात बौद्धवस्तीत एकटी राहायची, तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या नेऊन द्यायच्या आणि उजाडायच्या आत माघारी यायचं. दिवसा जायची सोय नव्हती. कारण वडगावच्या लेखी महेंद्र खुनी होता.

महेंद्र आमच्याकडचा झिरो वायरमन. म्हणजे पगार नाही, कागदावर नाव नाही, पण खांबावर चढायचं असलं की सगळ्यांना त्याचीच आठवण यायची. शेतकऱ्याची मोटर बंद पडली की महेंद्र देव, आणि चालू झाली की महेंद्र कोण? मी त्याला पहिल्या दिवशी एकच नेम शिकवला होता. डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढायचे आणि जो वर चढणार त्याच्याच खिशात टाकायचे. चढणाऱ्यानं वरून तीनदा विचारायचं, ‘बंद का?’ खालच्यानं तीनदा सांगायचं, ‘बंद.’ मगच तारेला हात.

त्याआधीच्या सप्टेंबरात पाऊस रुसला होता. ऊस करपायला लागला होता. बारा तारखेला रात्री पोपटरावांच्या मळ्यात खांबावरची तार सुटली. पोपटरावांचा मुलगा सत्यजीत आणि महेंद्र, दोघं शाळेपासूनचे जोडीदार, मळ्यात गेले. फ्यूज काढले. महेंद्रनं ते सत्यजीतच्याच खिशात टाकले, कारण सत्यजीतला घाई, मीच चढतो म्हणाला. पण कटर घरी राहिला होता. महेंद्र तो आणायला गेला. जाताना बजावून गेला, मी येईस्तोवर चढू नको.

तो माघारी आला तेव्हा सत्यजीत खांबाखाली पडला होता. काळा पडलेला. पोपटराव त्याच्याजवळ बसून ओरडत होते, ‘म्हेंद्र्यानं मारलं माझ्या पोराला!’ आणि डीपीत बघावं तर तिन्ही फ्यूज जागच्या जागी बसवलेले.

आता गावाला आणखी काय पाहिजे? त्याच्या तीनच दिवस आधी ग्रामसभेत दोघांची जुंपली होती. सत्यजीत पंचायतीचा सदस्य, आणि बौद्धवस्तीतले दिवे महिनाभर बंद. महेंद्र रागानं बोलून गेला होता, ‘येक दिस तुलाबी अंधारात बसवीन.’ बस्स. शंभर लोकांनी ऐकलेलं वाक्य, शंभर लोकांनी पोलिसांना सांगितलं. त्याला तीन महिने आत ठेवलं. जामिनावर सुटला तो खुटबावला बहिणीकडं, सीमाकडं राहिला. इकडं रंभाबाईला गिरणीवाला दळण दळून देईना. तिच्या पत्र्यावर रात्री दगड पडायचे. माझ्या गावाबद्दल बोलतोय मी, आणि मला त्याची लाज वाटते.

असो. महेंद्रनं पूल ओलांडला. खाली भीमा गपगार. मुख्य रस्त्यानं गेलं तर पारावर कुणीतरी जागं असणार, म्हणून त्यानं गाडी नदीकडच्या गाडीवाटेला वळवली. ती वाट पोपटरावांच्या उसातून जाते. दुतर्फा ऊस, दोन पुरुष उंचीचा. थंडी अशी की हँडलवरची बोटं वाकेनात.

मळ्याच्या मध्यावर गाडी बंद पडली.

किक मारली. नाही. परत मारली. नाही.

दिवा गेला. मिट्ट काळोख.

आणि उसातून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा.

‘बंद हाय रं... बंद हाय...’

 आवाज ओळखीचा होता. त्यानं मोबाईलचा उजेड हातानं झाकला आणि दोन पावलं पुढं गेला. उसातल्या मोकळ्या जागेत पोपटराव उभे होते. अनवाणी. अंगात नुसती बंडी. मान वर. समोर तोच खांब. शेजारी डीपीचे नुसते दोन खांब उरले होते. डीपी वीज कंपनीनं सप्टेंबरातच उतरवून नेला होता, तारा कापून गुंडाळून नेल्या होत्या. त्या अख्ख्या मळ्यात विजेचा टिपूस नव्हता.

पोपटराव वर बघत होते. वर काही नव्हतं.

मग वरून आवाज आला.

‘बंद का?’

पोरांनो... तो सत्यजीतचा आवाज होता. घाईचा. थोडा वैतागलेला.

‘बंद हाय, बाळा. उतर आता.’



‘बंद का?’

‘आरं बंद हाय! किती येळा सांगू...’  म्हातारा खाली बसला आणि मातीशी बोलावं तसं बोलायला लागला. ‘मला ठावं नव्हतं तू वर हायेस. मोटर बंद दिसली, डीपीत फ्यूज न्हाई. म्या फ्यूजच्या जागी तार टाकली. येक बारीक तार... ऊस जळत हुता रं...’

महेंद्रच्या पायाखाली उसाचं वाळकं पाचट वाजलं.

पोपटराव वळले. दोघांची नजरानजर झाली. महेंद्रला वाटलं, आता ओरडणार, गाव गोळा करणार, आणि आपण इथंच संपणार. पण म्हातारा सरपटत त्याच्या पायाशी आला.

‘म्हेंद्र्या, तू सांग त्याला. चार म्हैने झालं, रोज हाक मारतंय. माझ्यावर इस्वास न्हाई त्याचा. तुझं ऐकल.’

 महेंद्र रागानं म्हणाला, ‘फ्यूज त्याच्या खिशात हुतं, आप्पा. मी सोता टाकलं हुतं. डीपीत कुणी बसवलं?’

म्हातारा बोटानं माती उकरायला लागला.

‘कुणी बसवलं?’

‘...म्या.’

‘मेलेल्या पोराच्या खिशातनं काढून?’

‘व्हय. लोकं म्हनली असती, बापानं मारला. त्याच्या आईला काय त्वांड दावलं असतं?’

‘आन् माझ्या आईच्या पत्र्यावर दगडं पडली त्याचं काय? माझं सगळं आयुष्य गेलं, आप्पा!’

‘उद्या सांगतो. पारावर सांगतो समद्यांना. रगताची आन हाय. पर आज त्याला उतरव.’

वरून आवाज आला. या वेळी हळू.

‘महेंद्र... बंद का?’

महेंद्र मला म्हणाला, मामा, त्या क्षणी मला भीती नाही वाटली. मला रडू आलं. कारण आप्पा सोडला तर जगात एकाच माणसाला ठाऊक होतं की मी त्याला मारलेलं नाही, आणि तो खांबावर होता.

त्यानं वर तोंड केलं.

‘बंद.’



‘बंद का?’

‘बंद, सत्या.’

‘बंद का?’

‘बंद. उतर.’

लोखंडावर पाय वाजला.

एक.

मग दुसरा...

खांब थरथरत होता. त्याच्यावर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. जळक्या केसांचा वास आला. पाय खाली खाली येत गेला. पोपटराव उठले. लहान पोराला झाडावरून उतरवताना धरतात तसा उजवा हात वर केला.

‘ये. हात दे.’

पाय थांबला.

पोपटरावांच्या तोंडून एक आवाज निघाला. छोटासा. उचकी लागावी तसा.

मग काहीच नाही. महेंद्रच्या खांद्याजवळून गार वारं गेलं, आणि मागं उभी असलेली गाडी आपोआप सुरू झाली.

तो थांबला नाही. आईला गोळ्या दिल्या आणि पहाटे माझ्या दारात आला.  सगळं सांगितलं. मी म्हणालो, ‘आज म्हातारा बोलतो का बघू. तू माझ्याशेजारी बसायचं. कुणी उठवलं तर मी बघतो.’

सकाळी आठला पार भरला. महेंद्रला बघून पोरं उठली, कुणी शिवी दिली, कुणी दगड उचलला. तेवढ्यात पोपटराव आले. अंगावर घोंगडी, उजवा हात आत. मागं साखरबाई, त्यांची बायको, सत्यजीतची आई.

मी म्हणालो, ‘आप्पा, काय सांगायचं हुतं तुमाला?’

पोपटरावांनी चारी बाजूंना बघितलं. एवढी माणसं. एवढी वर्षांची अब्रू.

‘मला?’ ते म्हणाले. ‘काई न्हाई. रातभर मी घरातच हुतो. ह्यो खुनी हितं काय करतोय?’

महेंद्रनं मान खाली घातली.  तिथंच संपला होता तो.

चहा आला. पोपटरावांनी डाव्या हातानं घेतला.

साखरबाई बघत होती. पन्नास वर्षांचा संसार. नवरा डाव्या हातानं कधी चहा पीत नाही, हे तिला ठाऊक नसणार तर कुणाला? ती पुढं आली आणि चारचौघांत घोंगडी ओढली.

‘मूठ उघडा.’

‘गप घरी जा.’

‘मूठ उघडा म्हन्ते!’

एकेक बोट तिनं सोडवलं. तळहातावर आडवा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, एक बारीक काळा चर भाजलेला. सुतळीपेक्षा बारीक. कडेचं मांस पांढरं पडलेलं, ओलं. रात्रीचंच. मी तीस वर्षं लाईनवर काढली, असे हात पाहिलेत. उघड्या चालू तारेला मूठ आवळली की असाच वळ उठतो. आणि म्हाताऱ्यानं रात्री वर केला होता तो हात रिकामा होता. तार तर सोडाच, सप्टेंबरपासून त्या मळ्यात वीजच नव्हती.

साखरबाईनं तो हात दोन्ही हातांत धरला. त्या चराकडं बघितलं. मग मान वर केली.

‘चार म्हैने झोपंत बरळताय, म्या तार टाकली. माझ्या लेकावर टाकली ती ह्याच हातानं का वो?’

पोपटरावांनी हात मागं ओढला. तिनं सोडला नाही. पोरांच्या हातातले दगड एकेक करून खाली पडत गेले, आणि तो चर अजून धुमसत होता.