दाराजवळची चटई

वादळाचा इशारा आला की सगळी माणसं शाळेत मुक्कामाला यायची. अंथरुणं, स्टोव्ह, औषधं, कागदपत्रांची पिशवी, सगळं नेहमीचंच. आणि ज्यांच्या घरचं माणूस पूर्वी कधी वादळात गेलं होतं, ते दाराजवळ एक जादा चटई टाकायचे. गेलेलं माणूस वारा थांबेपर्यंत निवाऱ्याला येतं म्हणे. त्या चटईवर कुणी बसत नसे आणि तिच्याविषयी कुणी बोलतही नसे.

गवंड्याची पहिली बायको अशीच एका वादळात समुद्रात वाहून गेली होती. दुसरीला त्या चटईचा भारी राग. लग्नाला सहा वर्षं झाली, नवरा एका शब्दाने वाईट बोलला नव्हता. पण दर वादळात तो ती चटई आपल्या हाताने झटकून अंथरायचा, वर कोरडा टॉवेल घडी करून ठेवायचा, आणि मग दिवसभर नजर तिकडेच. मेलेल्या बाईचा काय हेवा करायचा, असं ती स्वतःला बजावायची. पण करायची, अगदी पोट दुखेपर्यंत करायची. जिवंत सवत असती तर निदान चार शब्द सुनावता तरी आले असते!

त्या दुपारी पत्रे धडधडायला लागले, भरदिवसा अंधारून आलं. नवरा मागच्या खिडकीला फळ्या ठोकायला गेला आणि हिच्या डोक्यात सणक गेली. ती उठली आणि सरळ त्या चटईवर जाऊन आडवी झाली.

निवारा सांभाळणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "अगं, ऊठ. तिथे नको."

"आज बघतेच, ती कुठे बसते ते."

चटई गार होती. पाठीला ओल लागत होती. वाऱ्याने दार एकदा सताड उघडलं आणि आपसूक मिटलं.

नवरा परत आला. हिच्याकडे न बघता आपल्या अंथरुणाशी गेला. तिथे कुणीतरी पाठमोरी बसली होती. केस निथळत होते.

"फार उशीर केलास," तो म्हणाला.

सहा वर्षांत तो इतक्या हळुवार आवाजात हिच्याशी एकदाही बोलला नव्हता.

"अहो, मी इथे आहे."

कुणीच मान वळवली नाही.

तो चटईपाशी आला, हिच्या उशाचा टॉवेल उचलला, आणि जाऊन त्या बाईचे केस पुसू लागला.

वारा पडला. दोघं घराकडे निघाली. हिने हाक मारायला तोंड उघडलं, तर खारं पाणी भळाभळा बाहेर आलं.

निवाऱ्याच्या बाईंनी फडकं आणून चटईभोवतालची फरशी पुसली. चटईवर पाय पडू नये, एवढी काळजी मात्र त्यांनी घेतली.