मत सांगायचं नाही

माणसानं माणसाची निःस्वार्थ सेवा करावी, यापरतं पवित्र कर्तव्य जगात दुसरं नाही. सर्व्हेअर मात्र सेवा क्लबाचा सभासद झाला तो सावलीसाठी. त्याच्या कचेरीसमोर गाडी लावायला जागा नव्हती. शेजारच्या क्लबाच्या आवारात दोन डेरेदार झाडं होती आणि झाडांखाली पाटी होती – ‘फक्त सभासदांसाठी’.

तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, कुठे किती चेपलंय ते लिहायचं आणि चूक कुणाची यावर चकार शब्द काढायचा नाही, हा त्याचा पेशा. पस्तिशी जवळ आली तरी लग्नाचं नाव नव्हतं. आई म्हणायची, “तुझ्यापुढे अप्सरा उभी केली तरी तू आधी तिला कुठे पोचा आलाय ते बघशील!”

क्लबाच्या पहिल्याच सभेतून तो मधे उठला. अध्यक्ष दंतवैद्य होते. समोरच्याला उलट बोलता येत नाही अशा परिस्थितीत बोलायची त्यांना सवय होती. हा दबकत बाहेर आला तर लिफ्टपाशी एक तरुणी उभी. अंगावर मोहरीच्या रंगाची शाल, काखेत घडी केलेली पांढरी काठी.

“लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे हो?” तिनं विचारलं.

“तिसऱ्या. दाराला डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर ओरखडा. जुना आहे. आतला गंज दिसतो.”

ती खुदकन हसली. “मी फक्त मजला विचारला होता.”

“सवय आहे… सॉरी.”

“अहो, सॉरी कसलं! इथे सगळे मला लिफ्टचं दारसुद्धा ‘सुंदर आहे हं’ असं सांगतात. ओरखडा पहिल्यांदा कळला.”

ती रेडिओ केंद्रात ध्वनिसंपादनाचं काम करायची. मोठमोठ्या लोकांच्या मुलाखतींतले ‘अं’, ‘म्हणजे’, खोकले आणि नको ते उसासे कापून त्यांना विद्वान करून सोडायची. केंद्रात तिला कात्री म्हणत. त्या दिवशी ती क्लबात तक्रार घेऊन आली होती. तिच्याकडे पाठवलेल्या सभासदबाई तिच्याशी गाईच्या वासराशी बोलावं तशा बोलतात, ही तक्रार. ती तशीच सभागृहात गेली आणि म्हणाली, “मला तो ओरखडेवाला द्या.”

क्लबाची योजना होती – ‘उसने डोळे’. ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरी सभासदानं दर शनिवारी जायचं आणि ते म्हणतील ते बघून सांगायचं. टपाल, औषधावरची तारीख, दोन्ही मोजे एकाच रंगाचे आहेत का… नियम एकच. दिसतं ते सांगायचं, मत सांगायचं नाही. नियमाला इतिहास होता. पूर्वी एक सभासद कापडाचे व्यापारी होते आणि त्यांच्या मते कुणालाच अंगावरचे कपडे शोभत नसत.

सर्व्हेअरला नियम आवडला. जन्मभर तो हेच तर करत आला होता.

पहिला शनिवार टपालात गेला. दुसऱ्या शनिवारी टपाल संपल्यावर ती म्हणाली, “आता खिडकीबाहेर काय आहे ते सांगा.” तिसऱ्या शनिवारी टपाल काढलंच नाही. घरात ती आणि तिची मावशी. मावशी निवृत्त परिचारिका. शब्दकोडं सोडवत कोपऱ्यात बसायची आणि काही ऐकत नसल्याचं सोंग इतकं वाईट वठवायची की त्यालाही दिसायचं.

“आज आकाश कसं आहे?” कात्री विचारायची.

“पश्चिमेला ढग. करडे. खालची कड गुलाबी.”

“छान आहे?”

“ते मत झालं.”

“मावशी, यांना भिंतीवर टांग गं, थर्मामीटरसारखं!”

“थर्मामीटर बरा,” मावशी कोड्यातून मान वर न काढता म्हणाली. “ताप असला की निदान चढतो तरी.”

एका संध्याकाळी तो तिला केंद्रातून घरी सोडायला निघाला आणि भुरभुर सुरू झाली. छत्री एकच. वाट दाखवायची रीत क्लबानं शिकवली होती – हात आपण धरायचा नाही, त्यांना आपलं कोपर धरू द्यायचं, आपण अर्धं पाऊल पुढे. तिची बोटं त्याच्या कोपराच्या जरा वर टेकलेली होती. पाखरू बसावं तशी. तो असा जपून चालला होता, जणू हात कुणाकडून मागून आणलाय.

“पाऊस कसा दिसतो?”

“तिरका. दिव्याखाली जास्त दिसतो.”

“आणि मी?”

“भिजलेल्या. डाव्या खांद्यावर. कपाळाला एक बट चिकटलीय.”

“वाईट दिसतेय?”

त्यानं श्वास घेतला… “ते मत झालं.”

ती चालता चालता थांबली. “आत्ता घेतलात ना, तो श्वास मी रेडिओवर कापला नसता.” मग जरा वेळानं, “आणि छत्री माझ्याकडे किती झुकवाल? थेंब छत्रीवर कमी नि तुमच्या शर्टावरच जास्त वाजतायत.”

त्या रात्री आईनं विचारलं, “हात असा का धरलायस? ठोकलास की काय कुठे?” तो म्हणाला, “नाही.” हे मात्र खरं नव्हतं.

पुढे कितीतरी शनिवार तो तेच एक वाक्य मनात घेऊन गेला आणि तसंच परत घेऊन आला. शेवटी त्यानं ते गाडीच्या आरशात बघून घोटलं. ‘नियम बाजूला ठेवतो. माझं एक मत आहे.’ पुढचं तिच्यावर सोपवायचं होतं. न बोललेलं ऐकण्याचाच तर तिला पगार मिळत होता.

तो जिना चढून गेला तर टेबलावर एक फोटो.

“आलात? बसा,” ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा जरा सपाट होता. “मावशीच्या मैत्रिणीचा भाचा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. दोनदा फोनवर बोललोय आम्ही. आता त्याच्या आईनं फोटो पाठवलाय.”

“फोटो? तुम्हाला?”

“सवयीनं पाठवला असेल, बिचारीनं.” ती हसली नाही. “आज मला हो की नाही ते कळवायचंय. सांगा, कसा आहे?”

मावशीची पेन्सिल थांबली.

सर्व्हेअरच्या धंद्यात एक दंडक आहे. ज्या गाडीत आपला हितसंबंध आहे तिची पाहणी करायची नाही. आधीच सांगून बाजूला व्हायचं. त्यानं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच झालं असतं. पण त्याला वाटलं, आत्ता बोललो तर ती म्हणेल, फोटो बघितल्यावर बरं सुचलं! त्यापेक्षा आधी वर्णन चोख करावं, अगदी निःपक्षपाती, मग बोलावं. आणि मनात दुष्टावा होता म्हणूनच तो वर्णनात जास्तच सज्जन झाला.

“उंच आहेत. केस दाट, कानापाशी थोडे पांढरे. चष्मा. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या आहेत, हसून पडतात तशा. हातात रोपाची कुंडी धरलीय. दोन्ही हातांनी… लहान मूल धरावं तशी.”

फोटोत दात जरा पुढे होते. तेही सांगायला हवं होतं. त्यानं ते गाळलं. आयुष्यातला पहिला अपुरा अहवाल त्यानं प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं दिला.

“आणि तुम्हाला कसा वाटतो?”

“मत सांगायचं…”

“मी क्लबाला विचारत नाहीये.” तिचा आवाज एकदम हळू झाला. “तुम्हाला विचारतेय. मी हो म्हणू?”

खोलीत घड्याळ वाजत होतं. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. घोटलेलं वाक्य जिभेच्या टोकाशी आलं, तिथे उभं राहिलं आणि मागे फिरलं.

“माणूस चांगला दिसतो,” तो म्हणाला.

इतक्या शनिवारांत त्यानं दिलेलं हे पहिलं मत.

ती म्हणाली, “आज मधे श्वास घेतला नाहीत.”

“अं?”

“काही नाही. मी कापू शकते हो. कुणी बोललंच नाही ते वाक्य मला जोडता येत नाही.” तिनं फोटो चाचपून उलटा ठेवला. “मावशी, फोन दे.”

मावशीनं फोन दिला. देताना सर्व्हेअरकडे जे बघितलं, त्याचं वर्णन करायला त्याला कुणी सांगितलं नाही.

लग्नानंतर ती दुसऱ्या गावी, वनस्पतिशास्त्राकडे जाणार होती. क्लबानं निरोपसमारंभ ठेवला. दंतवैद्यांनी ‘उसने डोळे’चं यश म्हणून तिचा उल्लेख केला आणि टाळ्या वाजल्या. मग गाडीपर्यंत तिला कोण सोडणार, असं झालं. ती म्हणाली, “मला वाट दाखवणारा आहे.” बोटं पुन्हा कोपराच्या जरा वर टेकली. तो जितका हळू चालता येईल तितका हळू चालला, पण आवार मुळातच लहान होतं.

“तो अहवाल…” तो म्हणाला. “तो बरोबर नव्हता. मी तेव्हा बाजूला व्हायला हवं होतं. म्हणजे… माझं त्यात…”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पावसापासून.” ती म्हणाली. “मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला. तिसऱ्यांदा विचारायला मलाही लाज आहे हो.”

“आता उशीर झाला?”

“झाला.” तिनं हात काढून घेतला, मग परत टेकवला आणि पुन्हा काढला. “त्यांचं सांगू? तुम्ही सांगितलंत तसेच निघाले. दात पुढे आहेत, ते त्यांनी स्वतः सांगितलं पहिल्याच भेटीत. मी कितीतरी वेळ हसत होते. वाईट एवढंच वाटतं, की माणूस खरंच चांगला आहे. वाईट असता तर तुमच्यावर नीट रागावता तरी आलं असतं.”

गाडीचं दार उघडं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ हसून पुढे आले, त्यांनी सर्व्हेअरचा हात दोन्ही हातांनी धरून आभार मानले. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. अहवाल तिथे तरी अचूक होता.

ती गेली.

क्लबानं सर्व्हेअरला नवीन घर नेमून दिलं. आता दर शनिवारी तो एका निवृत्त कर अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांची दाढी दोन्ही गालांवर सारखी झाली आहे की नाही ते सांगतो. बहुतेक वेळा झालेली असते.