भिंतीवरचा पिवळा हात

"बाई, भिंत गेली!"

शिपाईमावशी दारात धापा टाकत उभी होती. मोठ्या बाई बक्षिसांच्या पुस्तकांना कागद चढवत होत्या. निम्मी रात्रीच उरकली होती. काल घरी कढया घासायच्या राहिल्या नव्हत्या, म्हणून हात मोकळे होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गेली म्हणजे? पाय फुटले का तिला?"

"तुम्ही आधी चला. तोंडानं सांगायची गोष्ट नाही ती."

शाळा एवढीशी. ओळीनं काही वर्ग, पुढे अंगण, आणि टोकाला एक मोठी खोली, तिलाच सगळे तोऱ्यात सभागृह म्हणायचे. मोठ्या बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी कोणापुढे हात न पसरता ती शाळा उभी केली होती, आणि हे बाई कोणाला विसरू देत नसत. आज वर्षाचा शेवटचा दिवस होता. दुपारी पालक येणार, मुलांचं नाटुकलं होणार, बक्षिसं वाटणार.

बाई सभागृहात शिरल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

मागची भिंत पांढरीफटक होती.

त्या भिंतीवर हात होते. शाळा सोडून जाणारी मुलं दरवर्षी शेवटच्या दिवशी रंगात तळवा बुडवून तिथे उमटवायची. लाल, निळे, हिरवे, एकात एक घुसलेले. शाळा सुरू झाल्यापासूनचे सगळे हात एका रात्रीत नाहीसे झाले होते.

बाईंच्या डोळ्यांपुढे त्यातला एकच आला. उजव्या टोकाला, छातीच्या उंचीवर, पिवळा. अंगठा बाकीच्या बोटांवर रुसल्यासारखा लांब. भिंगरीचा हात. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. पोर शाळेतून बाहेर पडली आणि त्याच सुट्टीत तापानं गेली. तेव्हापासून तिची आई दरवर्षी आजच्या दिवशी यायची, त्या पिवळ्या हातावर आपला तळवा टेकवून उभी राहायची, आणि फारसं कोणाशी न बोलता निघून जायची.

"मी आहे तोवर हा हात इथून हलणार नाही," असं बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. मोठ्या बाईंचा शब्द होता तो. आणि भिंगरीची आई आज दुपारी येणार होती.

बाईंनी दाराजवळ भिंतीला बोट लावून पाहिलं. रंग वाळला होता. मग त्या उजव्या टोकाला गेल्या आणि हात असायचा त्या जागी तळवा ठेवला. भिंत गार लागली. तळव्याला पांढरं लागलं. त्यांनी ते रागारागानं पदराला पुसलं.

नाटकाच्या पडद्याची दोरी त्याच टोकाच्या खिडकीच्या गजालाच बांधलेली होती. बाईंचं डोकं आणखी तापलं. काल चारचौघांत यजमानांना सांगितलं होतं, त्या बाजूला भिंतीत हुक ठोका, दोरी नीट अडकवता येईल. त्यांनी काहीतरी कुरकुर केली होती. यजमानांची कुरकुर ऐकून घ्यायची बाईंना सवय नव्हती.

"कोणी केलं हो हे?" बाईंनी वळून विचारलं.

यजमान दारात उभे होते. शाळेत कुठे काही निखळलं की खिशातून खिळा काढून हजर, म्हणून पोरांनी त्यांचं नाव खिळेकाका ठेवलं होतं.

"तू शोधशीलच," काका म्हणाले, आणि अंगणात खुर्च्या मांडायला निघून गेले.

बाईंनी आधी मावशीला धरलं.

"काल कधी गेलीस?"

"जरा लवकरच. नातीचं अंग तापलं होतं."

"मागच्या दाराची कडी लावलीस?"

मावशी खाली बघू लागली. "राहिली वाटतं."

"वाटतं! कडी लावायला फुरसत नाही आणि कप घासायला आहे. सकाळी बघितले मी, आरशासारखे लखलखतायत."

"मी नाही हो घासले. मी तर खरकटे तसेच टाकून गेले होते. मला वाटलं तुम्ही घासले."

"मी?" बाईंनी असं काही पाहिलं की मावशीनं तो विषय तिथेच सोडला.

मग चित्रकलेच्या बाईंना बोलावणं गेलं. पोरगी नवी होती, याच वर्षी लागलेली, अजून आवाज फुटत नव्हता.

"पांढऱ्या रंगाची बादली कोणी आणली?"

"मी. नाटकातले पुठ्ठ्याचे डोंगर रंगवायला."

"बादली रिकामी आहे, आणि डोंगर अजून पुठ्ठ्याचेच दिसतायत."

"काल मी गेले तेव्हा भरलेली होती. खरंच."

"भिंत कळकट दिसते, फोटो चांगले येत नाहीत, असं कोण म्हणालं होतं?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी म्हणाले होते. माझं चुकलं, बाई. पण मी हे केलेलं नाही."

"आजचा कार्यक्रम पार पाडा आणि उद्यापासून घरी बसा."

पोरगी तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. बाईंना वाटलं, झालं एकदाचं. पण पायात खडा राहून गेल्यासारखं काहीतरी टोचत राहिलं.

त्या पुन्हा सभागृहात गेल्या. आता त्यांनी भिंत सोडून बाकीचं सगळं पाहिलं. भिंतीवरच्या कागदी माळा कोणीतरी उतरवून, घडी घालून बाकावर ठेवल्या होत्या. टाचण्या परत डबीत भरल्या होत्या. फरशीवर रंगाचा एक ठिपका नव्हता. घड्याळावर वर्तमानपत्र बांधलं होतं, त्याला थेंब लागू नये म्हणून. दावा साधायला आलेला माणूस घड्याळाची एवढी काळजी घेईल?

आणि मग बाईंची नजर उजव्या टोकाला गेली. बाकीची भिंत एकसारखी पांढरी. तिथे मात्र परातीएवढा एक डाग, करडा, ओलसर. रंगाखालून काहीतरी अजून वाळत होतं.

बाई बाकावर बसल्या. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"नवीन बाई, इकडे या. मघाशी मी तुम्हाला बोलले ते माझं मी परत घेते. भिंत तुम्ही रंगवलेली नाही." असली वाक्यं त्यांच्या तोंडून फार क्वचित निघायची.

"मग कोणी हो?" मावशीनं विचारलं.

"रंग वाळला, पण ती एक जागा ओली आहे. का? तिथे नुसता रंग नाही, आत ताजं सिमेंट आहे. म्हणजे तिथला गिलावा पडला होता, तो आधी भरला, मग वरून रंग दिला. गिलावा आपोआप पडतो? कोणीतरी ठोकाठोकी केली. तिथे काय ठोकायचं होतं? हुक. पण दोरी तर अजून खिडकीला. म्हणजे हुक ठोकायला घेतला, आणि अर्ध्यावर सोडून दिला."

बाईंनी खिडकीच्या गजावरची दोरी ओढून दाखवली.

"एक हात गेला असता तर कोणता गेला ते पहिल्या नजरेत कळलं असतं. सगळेच गेले, की ओरड होणार भिंतीची. म्हणून बाकीचे पुसले. आणि ज्यानं पुसले त्याचा या खोलीवर जीव आहे. त्यानं टाचण्यासुद्धा वेचल्या." बाईंनी श्वास घेतला. "आता कप. माझ्या संसारात एक माणूस आहे. माझी नवी छत्री हरवून आला त्या दिवशी त्यानं न सांगता घरातली सगळी भांडी घासली. दूध उतू घालवलं तेव्हाही. काल रात्री माझ्या कढया घासलेल्या होत्या. मी मूर्ख, मला वाटलं आज कौतुक चाललंय."

खिळेकाकांनी खिशातला पत्र्याचा डबा काढला. त्यात नेहमी खिळे असत. आज त्यात रुमाल होता, आणि रुमालात पिवळ्या कपच्या.

"पहिल्याच ठोक्याला सगळं हातात आलं," ते म्हणाले. "जोडून बघितलं. जुळेना."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की. काल. म्हणालो, तिथे नको, गिलावा पोकळ वाजतोय. तू म्हणालीस, कारणं नकोत, हुक हवा. सगळे हसले."

बाईंना आठवलं. हसले होते खरे. सगळ्यात मोठ्यानं त्या स्वतःच.

"आणि या पोरीवर आळ आला तेव्हा?"

"तेव्हा बोलायला आलो होतो. दारापर्यंत आलो. तुझा आवाज ऐकला आणि पाय वळले." काकांनी मान खाली घातली. "त्याची लाज भिंतीपेक्षा जास्त वाटते."

अंगणात पालकांची वर्दळ सुरू झाली होती. भिंगरीची आई आली. नेहमीसारखी कडेकडेनं, सरळ सभागृहात. पांढरी भिंत पाहून तिचा उचललेला हात तसाच राहिला.

'यंदा रंगकाम काढलं होतं,' एवढं म्हटलं की भागत होतं. वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. काका त्यांच्याकडे बघत होते.

"तुमच्या मुलीचा हात आमच्याकडून गेला," बाई म्हणाल्या. "तिथे ठोकू नका असं हे सांगत होते. मी ऐकलं नाही. शब्द दिला होता मी, आणि मीच मोडला."

काकांनी डबा पुढे केला. भिंगरीच्या आईनं कपच्या बोटानं बाजूला सारल्या. अंगठा अख्खा निघाला. तो तिनं मुठीत घेतला.

"पण बाकीच्यांचे कशाला हो पुसलेत?" ती काकांना म्हणाली. "त्यांनाही आया आहेत."

ती जाऊन पहिल्या रांगेत बसली. मूठ तिनं कार्यक्रम संपेपर्यंत उघडली नाही.

नाटुकलं झालं. डोंगर पुठ्ठ्याचेच राहिले. बक्षिसं वाटून झाली, शाळा सोडणाऱ्या मुलांनी कोऱ्या भिंतीवर हात उमटवले, आणि ते एवढ्या मोठ्या पांढऱ्यात हरवल्यासारखे दिसले.

सगळे गेल्यावर मावशी कप गोळा करायला आली, तर मोरीत पाणी वाजत होतं. मोठ्या बाई पदर खोचून कप घासत होत्या. चहाचे घासून झाले होते. आता फडताळातले, कोणी न वापरलेले, लखलखीत कप त्यांनी एकेक करून पाण्यात घेतले होते. शेजारी काका फडकं घेऊन उभे होते, पुसायला.