लयओढ

काचेपलीकडे ललिता येमुल रडत होती. समोरचा पेशंट रडत नव्हता, हीच तर पंचाईत.

अलीकडे डॉ. अनघा हिरेमठ सहकंपमापीचा पडदा बघत उभी होती. यंत्र तसं साधंच. खोलीतल्या दोन खुर्च्यांच्या हातांमध्ये चकत्या बसवलेल्या, त्या नाडी आणि श्वास टिपायच्या, आणि पडद्यावर दोन रेघा उमटायच्या. निळी पेशंटची, तांबडी उपचारकाची. माणूस आतून जितका हलला तितकी रेघ उसळायची. ललिताची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आपटत होती.

पेशंट गेल्यावर ललिता बाहेर आली, पदरानं नाक पुसत. त्रेचाळीस वर्षांची बाई. आधी चादरीच्या कारखान्यात होती, मग आरोग्यसेविका, आणि आता सोलापूरच्या या संस्थेत मानसोपचार शिकत होती.

"परत नापास ना, मॅडम?"

"हो."

"काय करू? त्यानं माग विकला म्हणून सांगितलं आणि मला आमच्या घरच्या मागाचा आवाजच आठवला. थांबेना मग."

"गुरुवारपासून तुमच्या माझ्यासोबतच्या बैठका आहेत. अकराला या. रेघ खाली येईल."

रेघ येणारच होती. संस्थेचा नियमच होता, प्रत्येक विद्यार्थ्यानं संचालकांसमोर, म्हणजे अनघासमोर, चाळीस बैठका बसायचं, पेशंटच्या खुर्चीत. त्याशिवाय शेवटची परीक्षा नाही, परवाना नाही. आणि परवाना मिळाला तरी दर महिन्याला एक बैठक, जन्मभर. आजवर सगळ्यांच्या रेघा खाली आल्या होत्या.

याचं कारण अनघानंच शोधलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिची मुलगी गेली. सोळाव्या दिवशी ती कामावर आली आणि खुर्चीत बसली. तिची रेघ सपाट होती. लोक म्हणाले, काय धीराची बाई! तिला धीरबीर काही नव्हता, तिला काहीच नव्हतं. पण समोरचे पेशंट भराभर शांत व्हायला लागले. त्यातून तिनं लयओढ मांडली. दोन माणसं समोरासमोर बसली की ज्याची लय जास्त स्थिर, त्याच्याकडे दुसऱ्याची लय ओढली जाते. संस्थेचा सगळा डोलारा यावर उभा राहिला. तीनशे अकरा उपचारक, छत्तीस केंद्रं.

त्याच दुपारी इरफान बागवान आला. संस्थेचा संख्याशास्त्रज्ञ. मागच्या इमारतीत आकड्यांत बसणारा माणूस, उपचारांशी त्याचा संबंध नाही. तो खुर्ची ओढून बसला नाही, उभाच राहिला.

"मॅडम, बऱ्या झालेल्या पेशंटना मी फोन केले. दोनशे चाळीस."

"प्रश्नावली आहे की आपली."

"प्रश्नावलीत एकवीस प्रश्न. झोप उडते का, रडू येतं का, भीती वाटते का. सगळ्याला 'नाही' म्हटलं की माणूस बरा. मढं बसवलं तरी शंभर टक्के बरं निघेल."

"मुद्द्यावर या."

"एकाला मुलगी झालीय. मी म्हटलं, अभिनंदन! तर म्हणतो, हो, लोक म्हणतात तसं. एका बाईचं घर जळलं. विचारलं तर म्हणाली, जळलं. पुढं काहीच नाही. मग मी नुसतं एवढंच विचारायला लागलो, शेवटचं कधी हसलात? दोनशे चाळीसपैकी दोनशे सव्वीस जणांना आठवेना." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "लयओढ बरोबर आहे, मॅडम. पण स्थिर म्हणजे निरोगी, हे आपण कधी तपासलं? सगळ्यात स्थिर रेघ कुणाची आहे?"

"माझी."

"तुमच्यासमोर विद्यार्थी बसले. विद्यार्थ्यांसमोर पेशंट बसले. आपण कुणाला बरं नाही केलं. आपण तुमचं दुःख... दुःखसुद्धा नाही, तुमचं ते जे काय आहे ते, लोकांत वाटलं."

अनघानं कागद बघितले. आकडे बरोबर होते. आपल्याला आता धक्का बसायला हवा, हे तिला पाठ असलेल्या धड्यासारखं आठवलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती म्हणाली, "उद्या विश्वस्तांची बैठक आहे. तिथं मांडू."

बुधवारी तिनं मांडलं. काही लपवलं नाही, पेशंटांची संख्यासुद्धा सांगितली, एकोणीस हजार. सातही विश्वस्तांनी लक्षपूर्वक ऐकलं. सातही तिचे जुने विद्यार्थी.

"गंभीर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"हो, फारच," दुसऱ्या कुणीतरी म्हटलं.

"नोंद घेऊ. सदतिसाव्या केंद्राला मंजुरी आहे ना आज?"

हात वर झाले. एकमतानं मंजूर.

बाहेर व्हरांड्यात इरफानचा आवाज फुटला. "एक जण तरी ओरडेल वाटलं होतं मला! टेबलावर हात तरी आपटेल!"

"कोण ओरडेल? सातही जण चाळीस बैठका बसलेत."

"तुम्हीसुद्धा हात वर केलात, मॅडम."

"केला का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "राजीनामा द्या मग. निदान एवढं करा."

"देईन. त्यानं काय होईल? तीनशे अकरा जण बसलेलेच आहेत खुर्च्यांत. आणि उलट लय चालत नाही, इरफान. हललेला माणूस सपाट माणसाला हलवू शकत नाही."

"म्हणजे संस्थेत न बाटलेलं कुणी उरलंच नाही."

"ललिताबाई उरल्यात."

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ललिता आली. इस्त्रीची साडी, हातात शेंगाचटणीची पुडी. "घरची आहे, मॅडम," म्हणत ती पेशंटच्या खुर्चीत बसली. चकत्यांनी तिची नाडी पकडली. अनघाच्या टेबलावरच्या पडद्यावर निळी रेघ नाचायला लागली.

"बैठका होणार नाहीत," अनघा म्हणाली. "तुम्हाला शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. तो अधिकार मला आहे. तुम्ही घरी जा."

"अहो पण का? मी रडायचं बंद करते ना! शिकवा तुम्ही, मी शिकते. तीन वर्षं घातली मी यात. सासूचं बोलणं खाल्लं. आमच्या गल्लीत कुणाचं डोकं फिरलं की देवऋषी बोलावतात अजून, तिथं मला बसायचंय, मॅडम."

"त्याचसाठी जा. इथं बसून तुमचं नुकसान होईल."

"कसलं नुकसान? बैठकांनी सगळे शांत झाले. मलाही शांत व्हायचंय." तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "मी नाही उठत."

अनघानं इरफानचे आकडे समजावून सांगितले. ललितानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "खरं असेल. पण रोज रात्री उशी भिजवण्यापेक्षा ते परवडलं, मॅडम. द्या मला."

अनघानं पडद्याकडे पाहिलं. निळी रेघ मघाइतकी उसळत नव्हती. सहा मिनिटं झाली होती. ललिताचा आवाजही उतरला होता, हातांची पकड सैल झाली होती.

"बरं वाटतंय बघा नुसतं बसून," ललिता म्हणाली.

उठून निघून जावं, तर ही उद्या परत येणार. परवा येणार. दुसऱ्या कुणाच्या खोलीत जाऊन बसणार, तिथंही तेच. हिनं स्वतःहून उठायला हवं आणि पुन्हा या फाटकात पाऊल टाकायला नको. अनघानं ललिताचा अर्ज उघडला. 'या क्षेत्रात का यावेसे वाटते?' या रकान्यात तिनं भावाच्या आत्महत्येबद्दल लिहिलं होतं.

"तुमचा भाऊ तुमच्याच घरात राहायचा ना?"

"हो. श्रीधर."

"रोज तुमच्या हातचं जेवायचा. जायच्या आदल्या दिवशीही जेवला. आणि तुम्हाला काही कळलं नाही."

ललिताचं तोंड उघडं राहिलं.

"ज्या बाईला स्वतःचा भाऊ वाचवता आला नाही," अनघा नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "ती गल्लीतल्या लोकांना काय वाचवणार? माग चालवायचा सोडून इथं कशाला आलात?"

निळी रेघ पडद्याच्या वरच्या कडेबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली. ललिता उठली. खुर्ची मागं पडली. "माणूस आहेस का गं तू?" ती किंचाळली. "माणूस आहेस का? थू तुझ्या शिकण्यावर! परत तुझ्या दारात आले तर नाव बदलीन!" चटणीची पुडी भिंतीवर आपटून फुटली. व्हरांड्यातून तिचं रडणं लांब लांब जात राहिलं. फाटक वाजलं.

इरफान धावत आला. भिंतीवरची चटणी, पडलेली खुर्ची, उघडा अर्ज, सगळं त्यानं बघितलं. ललिताला मुद्दाम घालवलंय, हे जरा उशिरा त्याच्या लक्षात आलं.

"काय बोललात तुम्ही त्यांना?"

अनघानं सांगितलं. शब्दन् शब्द. मग अर्जावर 'अपात्र' लिहून सही केली.

इरफान दाराला टेकला. त्याचे डोळे भरले होते. "आणि हे बोलताना तुम्हाला काही वाटलं, मॅडम?"

अनघानं उत्तर द्यायच्या आधी पडद्यावरची तांबडी रेघ बघितली. अकराला पाच कमीपासून आत्तापर्यंतची, सगळी, नीट.

"नाही," ती म्हणाली.