मामांचा हट्टी पाय

"उद्याच्या बसनं तू उमरखेडले वापस!" भीमराजमामा गरजले.

संघर्षचा चेहराच पडला. मारेगावची सुट्टी आत्ता कुठे सुरू झाली होती! दुपारी साधनामावशीची मोटारसायकल कुणीतरी गुपचूप नेली आणि धुळीनं माखून परत लावली. मामांनी सरळ संघर्षकडे बोट दाखवलं. मोठ्यांचं असंच! चोर सापडला नाही की पोरगा सापडतो.

"मी हातसुद्धा लावला नाही, मामा!"

"मंग कोनं नेली? मी तं तिच्या गाडीले शिवतबी नाही!"

मामांची लेक उर्वशी आणि शेजारचा सोनू यांनी संघर्षला गोठ्यामागे ओढलं.

"मी घरातून आयकली ना गाडी!" सोनू म्हणाला. "नुसती केकाटत गेली. आवाज बदललाच नाही!"

"म्हणजे पहिल्याच गेअरमध्ये होती!" संघर्ष उसळला. "पहिल्यात जोर असतो, वेग नसतो. इंजिन बोंबलतं, चाक हळूच फिरतं. पण मावशीनं मला उभ्या गाडीवर शिकवलंय. पहिला खाली दाबायचा, बाकीचे पंजानं गेअरची दांडी वर उचलून. मी नेली असती तर दुसरा टाकला असता!"

"बाबांच्या गाडीत तं सगळेच खाली दाबा लागते..." उर्वशी बोलता बोलता थांबली. बाबांची गाडी सकाळपासून पंक्चर होती!

तिघं अंगणात धावले. मामा, मावशी, कांताआजी, सगळे तिथेच होते.

"बाबा, मावशीची गाडी बिघडली का हो?" उर्वशीनं साळसूदपणे विचारलं.

"नाही तं काय! दुसरा गेर पडतच नाही. कितीबी दाबा!"

उर्वशीनं कमरेवर हात ठेवले.

"तुम्ही कवा दाबला, बाबा?"

मामांना ठसका लागला. मावशीनं गाडी काढली, जराशी पळवली, क्लच दाबून पंजानं दांडी वर उचलली. खट्! आवाज मऊ झाला.

"गाडी ठीक आहे, दादा. तुझा पाय हट्टी आहे!"

"लहान बहिणीले गाडी मांगाची लाज वाटली," मामा पुटपुटले. "या पोट्ट्यांसाठी आंबे आणाले गेलतो. गोठ्यात गवतात पिकत घातले."

"आंबे गोड असतीन, खोटं गोड होत नाही!" कांताआजी कडाडली. "पोरावर आळ घेतला, माफी माग! अन् पोट्टेहो, शाब्बास! आमच्या डोक्याले कुलूप होतं, तुम्ही उघडलं."

मामांनी कान पकडले. "चुकलो रे, संघर्ष. जाऊ नको."

संध्याकाळी मावशीच्या गाडीवर मामा, आणि मागे धावणारी तिन्ही पोरं!

"वर, मामा, वर उचला!"

"अबे, उचलून राह्यलो ना!"

खट्!