दोन पेट्यांचा खोळंबा

पहिल्याच भेटीत त्यानं तिचा पाय मोडायचा तेवढा बाकी ठेवला होता.

मुद्दाम नव्हे. घाटातलं वळण आलं, बस एका अंगावर कलली आणि मागच्या सीटखालून एक लाकडी पेटी सुसाट घसरत आली, ती थेट तिच्या घोट्यावर.

"आई गं! काय भरलंय हो हिच्यात? दगड?"

"वजनं..." मागून धडपडत आलेला तरुण दांडीला लोंबकळत म्हणाला. चेहरा चोरी पकडल्यासारखा. "म्हणजे — खरी वजनं."

"खरी आहेत ते कळलं मला!"

ती हसली. आणि तो बिचारा, आपणही हसावं की माफी मागावी, या विचारात तसाच उभा राहिला. पुढचं वळण आलं तेव्हा पेटी आपली आपणच मागे निघून गेली, आणि तिच्यामागे तो.

तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. हद्दीपलीकडच्या गावात दर गुरुवारी बाजार भरायचा. दुकानानं तिथे जिन्याखालची एक खोली भाड्यानं घेतली होती. काचांची पेटी मांडीवर धरून ती सकाळच्या बसनं जायची, दिवसभर शेतावरून आलेल्या माणसांचे डोळे तपासायची आणि संध्याकाळच्या बसनं परतायची. तोही त्याच बाजाराला निघालेला. दुकानदारांचे काटे आपल्या वजनांशी ताडून बघायचे, खरे असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे त्याचं काम.

वाटेत हद्दीवरचा नाका लागायचा. बाकीच्यांच्या पिशव्या नाक्यावरचे साहेब वरवर चाचपत. पण इतक्या काचा आणि इतकं पितळ म्हटलं की हा विकायचाच माल, असा त्यांचा संशय. म्हणून या दोघांच्या पेट्या टेबलावर उघडायच्या, एकेक नग बाहेर काढायचा, मोजायचा, परत ठेवायचा. आधी तिची, मग त्याची. तोवर अख्खी बस उन्हात तापत उभी.

"तुमच्या दोघांपायी एक दिवस माझ्या अंड्यांतून पिल्लं बाहेर येतील गं!" अंडीवाल्या मावशी खिडकीतून ओरडायच्या.

शेवटी कंडक्टरकाकांनीच तोड काढली. "तुम्ही दोघं इथं, दाराजवळ बसायचं. नाका आला की आधी उतरायचं, टेबलावर शेजारी शेजारी पेट्या उघडायच्या. खोळंबा व्हायचा तो एकदाच होऊ दे."

अशी ती जोडी जमली. आईबापांनी नाही, कंडक्टरनं जमवलेली.

टेबल अर्धं तिचं, अर्धं त्याचं. तिच्या बाजूला उन्हात चमकणाऱ्या काचा, त्याच्या बाजूला मखमलीत बसवलेली वजनं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत उंचीनं उतरत गेलेल्या कुटुंबासारखी.

"हा चिमटा कशाला?" तिनं एकदा विचारलं.

"बारकी वजनं बोटानं उचलायची नसतात. घाम लागला तरी माप चुकतं."

"अगंबाई! मग तुम्ही कुणाचा हात कसा धरता?" तिच्या तोंडून निसटलं... आणि तीच कानापर्यंत लाल झाली.

"अजून... तशी वेळ आली नाही," तो चिमट्याकडेच बघत म्हणाला.

दुसऱ्या एका गुरुवारी तिनं त्याच्या डोळ्यापुढे काच धरली. "ती पाटी वाचा बघू. कशी दिसते?"

"पाटी की..."

"पाटी!"

"पाटी धूसर आहे." तो थांबला. "बाकी सगळं छान दिसतंय."

पण एवढंच हं. याच्या पुढे एक पाऊल नाही. एक वाक्य बोलला की दुसरं यायला दोन गावं मागे पडायची. मक्याची शेतं जायची, वीटभट्ट्या जायच्या, धुक्यातून एखादं सायकलवरचं माणूस उगवून नाहीसं व्हायचं. तो बाहीनं काच पुसून तिला ते दाखवायचा, स्वतः मात्र समोर बघत बसायचा. संध्याकाळी परतताना तिचा डोळा लागे. जाग येई तेव्हा तिची घसरणारी पेटी त्यानं पायानं अडवून धरलेली असे. तो पाय किती वेळ तसा धरला असेल, कोण जाणे!

"गुरुवारी बरी हाक न मारता उठतेस गं?" घरी आईनं विचारलं.

"बस लवकर असते."

"हो का? आणि केसांत फूल बसला दाखवायला?"

मग एका गुरुवारी साहेबांनी तिच्या पेटीच्या कडीला पत्र्याचा हिरवा बिल्ला अडकवला. "नेहमी ये-जा करणाऱ्यांसाठी सोय आहे ही, बाई. तुमचा बिल्ला आज मंजूर होऊन आला. आता पेटी उघडू नका. गाडीतूनच बिल्ला दाखवा, झालं."

मावशींनी आनंदानं टाळीच वाजवली. कंडक्टरकाका म्हणाले, "पुढच्या वेळेपासून कुठंही बसा ताई, खिडकीपाशी, आरामात."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून वजनं जागच्या जागी बसवत होता.

"बरं झालं," तो म्हणाला.

बस्स. बरं झालं! ते दोन शब्द तिला आठवडाभर कुसळासारखे टोचत राहिले. म्हणजे आपण याला कोण होतो? रांगेतली एक सोबत? आता आपण खिडकीपाशी बसणार, तो पुढे बसणार, आणि हळूहळू एक दिवस नुसती मान हलवून ओळख द्यायची... एवढ्यावरच संपायचं हे?

पुढच्या गुरुवारी तसंच झालं. ती मागे, तो पुढे, पेटी कवटाळून. नाका आला. तो एकटा उतरला. खिडकीतून तिला त्याची पाठ दिसत होती, थोडी वाकलेली. टेबल रिकामं होतं, हवं तसं पसरायला मोकळं. आणि तो वजनं मांडत होता फक्त अर्ध्या टेबलावर. तिचं अर्धं तसंच सोडून.

ती उठली.

"ताई, तुमचा बिल्ला आहे ना?" कंडक्टरकाका म्हणाले.

"असू दे."

तिनं जाऊन पेटी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि म्हणाली, "मोजा."

"अहो, पण कशाला?" साहेब चक्रावले.

"कमी-जास्त झाल्या असतील."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "काय चाललंय तुमचं? तुम्हीही यांच्यासारख्याच! यांना तर कधीचा दिलाय बिल्ला. नाक्यावरचा पहिला बिल्ला यांचा! खिशात घालून दर वेळी इथं येऊन उभे. मला वाटलं, मापांचा माणूस, असेल काटेकोर."

ती वळली. तो कानापर्यंत पेटलेला.

"कधीपासून?"

"मका... हातभर होता तेव्हापासून."

मका केव्हाच कापून झाला होता.

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोललो असतो आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर..." त्यानं एक वजन उचलून परत होतं तिथंच ठेवलं. "तर गुरुवार गेला असता."

"आणि त्या दिवशी म्हणालात, बरं झालं! ते?"

"तुमचं उन्हात उभं राहणं वाचलं. ते बरंच झालं की." त्याचा आवाज अगदी खाली आला. "माझं बरं झालं, असं नाही म्हणालो."

"मग आज तरी गाडीतच बसायचं होतं. आज का उतरलात?"

"बसलो असतो तर सारखं मागे वळून बघितलं असतं..."

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. खिडकीखिडकीतून डोकी बाहेर.

"अगं, हो-नाही काय ते करून टाक! माझी अंडी आहेत उन्हात!" मावशी.

"त्यानं कुठं काय विचारलंय अजून?" कंडक्टरकाका.

"मग विचार की रे मेल्या!"

तो विचारायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "इथं नको. सगळे ऐकतायत. गाडीत बोला."

"गाडीत तर हेच सगळे आहेत..."

"पण इंजिन असतं ना."

गाडीत एव्हाना नाक्यावरची गर्दी शिरली होती. दोघं इंजिनाशेजारी दांडी धरून उभे राहिले. आणि तो माणूस, एका वाक्यानंतर दोन गावं थांबणारा, जो बोलायला लागला तो बाजाराचं गाव येईपर्यंत थांबलाच नाही. इंजिन घरघरत होतं, कुणाचं तरी मूल भोकाड पसरत होतं, पत्रे खडखडत होते. तिला अर्धंच ऐकू आलं. पण 'काय म्हणालात?' विचारलं तर हा लाजून गप्प बसेल, या भीतीनं ती नुसती मान हलवत राहिली — हो... हो... हो.

आता तो नाका नाही. मोठा रस्ता बाहेरून गेला, नव्या बस न थांबताच हद्द ओलांडतात म्हणे. कधी कधी दुपारी, लेक झोपली की ती हळूच विचारते, "अरे, त्या दिवशी तू नक्की काय काय म्हणाला होतास?"

"एकदा शिक्का मारला की पुन्हा तोलायचं नसतं," तो म्हणतो.

मग ती रुसते. मग तो जवळ सरकतो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागतो. एवढा मापाचा पक्का माणूस, पण दर वेळी वेगळंच सांगतो. आणि आता मध्ये इंजिन नसतं, तरी ती मान हलवतच राहते.