झील पडू नये

वैशाखातल्या दुपारी आम्ही दोघे भाऊ आमच्या भजनी मंडळाच्या बैठकीतून हार्मोनियमची पेटी आणायला निघालो. ऊन असं, की गोळीबार चौकात कुत्रंही फिरकत नव्हतं. बैठक विकली गेली होती आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं मिरचीचं गोदाम होणार होतं. वस्तीने स्वतः विटा वाहून बांधलेली ती लांबोडकी खोली. दिवसभर मागावर मान मोडून, मालकाचं ऐकून घेऊन आलेला माणूस तिथं सतरंजीवर बसला, की त्याचा आवाज त्याला परत मिळायचा. भांडलेले शेजारी तिथं एका सुरात यायचे. हे गोदामवाल्याला कोण सांगणार? मला त्याचा अजून संताप येतो.

खरं म्हणजे पेटी हे निमित्तच होतं. आदल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ कवडू तिथं एकटाच ढोलकी आणायला गेला होता. आत त्याला मारोतराव गाताना ऐकू आले. मारोतराव आमचे मुख्य गायक. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. मुख्याने ओळ सोडली की मागे बसलेल्यांनी ती उचलायची, ती झील. आम्ही दोघे जन्माचे झीलकरी, ओळ कानावर पडली की तोंड आपोआप उघडतं. कवडूने झील दिली आणि बाहेर आला तो मुका होऊन. हे सगळं त्याने मला खुणांनी सांगितलं. दवाखान्यात घसा दाखवला, घशात काहीच नव्हतं.

कवडू हातगाडीवर भाजी विकायचा. हाक नाही तर धंदा कसला? निघताना त्याची बायको प्रेमिला, जी माझ्यासमोर कधी वर मान करून बोलली नव्हती, दारात आडवी आली.

"दादा, ह्यायचा आवाज नाही आला तं पोरी काय खातीन?"

"आणतो वं मी," मी म्हणालो.

कुलूप काढलं. आत गारवा होता, एवढ्या उन्हात नसावा तसा. उदबत्तीच्या राखेचा, घामट सतरंजीचा वास. डोळे अंधाराला सरावताहेत तोच कोणीतरी खाकरलं. गाण्याआधी मारोतराव खाकरायचे, अगदी तसंच.

मग ओळ आली. हळू, खालच्या पट्टीत. मागून झील उठली... बऱ्याच गळ्यांची. सतरंजीवर कोणी नव्हतं. त्या गळ्यांत एक गळा कवडूचा होता. सख्ख्या भावाचा आवाज ओळखायला कितीसा वेळ लागतो? आणि कवडू माझ्या शेजारी तोंड मिटून उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मारोतराव..." मी हळूच म्हणालो, "त्याले उठू द्या... लहान पोरी हायेत त्याले."

गाणं थांबलं नाही.

आमच्या मंडळाची एक रीत होती. झील पडू द्यायची नाही. कोणाला पाणी प्यायला उठायचं असेल तर दुसऱ्याने येऊन बसायचं, झील धरायची, मग तो मोकळा. मी सतरंजीवर बसलो. कवडूने माझा दंड धरून ओढला, जोरजोरात मान हलवली. मला वाटलं, मायेपोटी करतोय. पुढची ओळ आली आणि मी झील दिली.

सूर तोंडातून गेला तो गेलाच. घसा रिकाम्या घागरीसारखा झाला. शेजारी कवडू खाकरला.

"बरं केलं गा रामाजी," तो म्हणाला. "पाय आकडून गेले होते माहे."

आवाज मारोतरावांचा होता.

जो सगळ्यांत आधीपासून बसलाय तो आधी उठतो, हीसुद्धा मंडळाचीच रीत. भावाच्या घाईत मी ती विसरलो. डोळे मात्र कवडूचेच होते आणि ते माझ्याकडे बघून विनवत होते. मागे बैठकीत पुढची ओळ आली, ती आता कवडूच्या आवाजात.

आळीत शिरलो तेव्हा कवडूने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, तरी गाणं बाहेर आलंच. विणकर मागावरून उठून दारांत आले. बैठक गेल्यापासून वस्ती उदास होती; ओळखीचा आवाज ऐकून कोणी डोळे पुसले, कोणी आतून टाळ आणले. मी दारोदार धावलो, लोकांच्या तोंडांवर हात ठेवले, नका नका म्हणून खुणा केल्या. त्यांना वाटलं मला भरून आलंय. प्रेमिला दोन्ही पोरींना घेऊन दारात उभी होती, नवऱ्याच्या तोंडून सूर निघालेला ऐकून हसत होती. मी तिच्यापर्यंत पोचलो नाही. ओळ संपली आणि सगळ्या आळीने झील उचलली.

दुसऱ्या दिवशी मिरचीची पोती घेऊन आलेले हमाल आमच्या आळीत पाणी मागायला आले. पाणी घरोघरी मिळालं, बोललं कोणी नाही. मी गडवा पुढे केला, तेव्हा त्यांच्यातला म्हातारा हमाल तोंड पुसत म्हणाला, "घाई नाही गा भाऊ. गोदामात भजन चालू हाये. दोन लहान पोरी लय गोड म्हणून राहिल्या... त्यायचं झालं की उतरवतो पोते."